हिरामावशीच्या आवाजाबद्दल

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला सांगायला दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा मासळीच्या भावाबद्दल बोललो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल — बघू.

थळला आमच्या घराच्या मागच्या खोलीत माझा स्टुडिओ आहे. स्टुडिओ कसला — भिंतींना गोधड्या ठोकलेल्या, एक लॅपटॉप, एक बरा माईक. हळदीची गाणी रेकॉर्ड करतो. नोकरी सोडून हे सुरू केलं तेव्हा वडील महिनाभर बोलले नव्हते. पण हे मी का सांगतोय? सबब तर शोधत नाही ना? नको. पुढे जातो.

हिरामावशी आमच्यापासून चौथ्या घरात राहते. सगळा कोळीवाडा तिला मावशीच म्हणतो. ती धवलारीण, म्हणजे लग्नातले धवले गाणारी. आमच्याकडची लग्नं तिच्या धवल्यांवर लागतात. मांडवापासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिला पाठ, आणि कुठेही लिहिलेलं नाही. तिची मुलगी मंदाताई माझ्या मागे लागली, आईचे धवले रेकॉर्ड करून ठेव म्हणून. मावशी तयार नव्हती. मांडव नसताना धवला गायचा नाही, ही तिची रीत. शेवटी देवापुढे नारळ ठेवून, माफी मागून, एकदाच गाईन म्हणाली. एका रविवारी सकाळी नवं लुगडं नेसून आली.

आता इथे थोडं समजावून सांगावं लागेल. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक आवाजाची एक आडवी पट्टी असते, तिला ट्रॅक म्हणतात. ज्या ट्रॅकवर आवाज घ्यायचा, त्याचं लाल बटण आधी दाबायचं. ट्रॅक आर्म करणं म्हणतात त्याला, पहिल्याच दिवशी शिकवतात. मी मावशीकडून आधी दोन ओळी गाऊन घेतल्या. छान उमटल्या. मग आदल्या दिवशीच्या ढोलकीच्या ट्रॅकवर काहीतरी बघायला गेलो, आणि लाल बटण तिकडेच राहिलं. मावशीचं बंद.

ती जवळजवळ तीन तास गायली. मध्ये चहासुद्धा घेतला नाही. आवाज मशीनमध्ये येत होता, त्यामुळे मीटरच्या हिरव्या पट्ट्या नाचत होत्या — फक्त काहीच साठत नव्हतं. मी त्या पट्ट्या बघत बसलो होतो.

ती घरी गेल्यावर पाहिलं. ढोलकीच्या ट्रॅकवर एक सरळ रेघ, कारण त्याला मावशीचा माईक जोडलेलाच नव्हता. मावशीच्या ट्रॅकवर त्या दोन ओळी, पुढे काही नाही. सगळे फोल्डर धुंडाळले. पण जे घेतलंच नाही ते कुठून सापडणार?

तेव्हाच चार घरं चालत जायला हवं होतं. ती रागावली असती, शिव्या घातल्या असत्या — आणि बहुतेक पुन्हा गायलीही असती. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण सगळा कोळीवाडा म्हणणार, याला साधं बटण दाबता येत नाही. तेवढ्यासाठी. फक्त तेवढ्यासाठी.

संध्याकाळी मंदाताई आईला घेऊन ऐकायला येणार होती. त्याआधी मी — लिहितोच एकदाचं — त्या दोन ओळी घेतल्या. गेन, म्हणजे आवाजाची पातळी, वाढवत नेला, आवाज फाटेपर्यंत. मग पिच जागोजाग थोडा थोडा खाली ओढला, म्हणजे सूर सुटल्यासारखा वाटेल. बेसुऱ्यांना सुरात आणायचं माझं काम, तेच उलटं केलं. आणि नीट केलं, मन लावून केलं. दोघी आल्या तेव्हा मावशीच्या कानांवर हेडफोन ठेवला आणि म्हणालो, "मावशी, सगळं असंच आलंय. आवाज चिरतो गं आता. ठेवण्यासारखं नव्हतं, पुसून टाकलं."

तिने स्वतःचा एकटा आवाज असा कानात कधी ऐकला नव्हता. खोटा कसा ओळखणार? तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"असा येतो व्हय?" एवढंच म्हणाली.

त्यानंतर ती कुणाच्याच लग्नात गायली नाही. बोलावणं आलं की गुडघ्यांचं कारण सांगायची. मला वाटायचं, विसरेल, कुणीतरी आग्रह करेल, गाईल. रोज वाटायचं. रोज तिच्या दारावरून जाताना चाल आपोआप भराभर व्हायची.

गेल्या हिवाळ्यात मंदाताईच्या मुलाचं लग्न झालं. मावशीच्या सख्ख्या नातवाचं. मांडवात बायकांनी तिला घेरलं, आता तरी गा म्हणून. तिने माझ्याकडे बोट केलं. "माजा आवाज गेला. ह्याला इचारा, ह्याच्या मशिनीनं दाखवलाय."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मंदाताईसुद्धा. आता — आता बोलायचं, असं स्वतःला म्हणालो. मी मान हलवली. होय, गेलाय.

मग हळद माझ्या स्पीकरवर लागली. धवल्याशिवाय.

जेवणं उरकल्यावर मावशी माझ्यापाशी आली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू एकलाच खरं बोललास रं पोरा," ती म्हणाली. "बाकीची सगली तोंडदेखलं बोलत व्हती."

मी वाकून तिच्या पाया पडलो.