मास्टर पेजवरचा सहीचा चौकोन

नाना खोटं बोलायचे. आणि मी त्यांच्या शेजारी बसून गप्प राहायचे.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

नव्वदच्या दशकात शेवगावात नानांची छोटी प्रेस होती. छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात आयुष्य गेलेल्या या माणसानं हौसेनं कॉम्प्युटर घेतला, आणि तो चालवायला मला ठेवलं.

घरातली पहिली पदवीधर मी. नानांनी माझं नावच ‘ग्रॅज्युएट’ पाडलं.

“ग्रॅज्युएट, ह्यो डबा आज चालू व्हनार का उद्या?”

शाळांचे, सोसायट्यांचे फॉर्म आमच्याकडं छापायला यायचे. मी नानांना कॉम्प्युटरमधलं मास्टर पेज समजावलं, म्हणजे सगळे फॉर्म ज्यावरून बनवायचे तो साचा. यावर जे ठेवू ते प्रत्येक पानावर आपोआप येतं. पानावरून पुसता येत नाही. काढायचं तर परत मास्टर पेजवरच जायचं.

“म्हंजी आमच्या हिच्यावानी,” नाना म्हणाले. “एकदा बोलली की समद्या खोल्यांत लागू.”

त्याच सुमारास आई साक्षरता वर्गात सही शिकली. मोठी, ऐसपैस सही.

धाकट्या भावाच्या शाळेत ती पहिल्यांदा अंगठा सोडून सही करायला गेली. फॉर्मवरची रेघ करंगळीएवढी. सही खालच्या रकान्यात उतरली.

क्लार्कनं फॉर्म फाडला आणि शाईचं पॅड पुढं सरकवलं. “मावशी, अंगठाच द्या. कशाला तरास?”

घरी येऊन आईनं साक्षरता वर्गाची पाटी माळ्यावर टाकली. “अंगठाच बरा. त्याला जागा लागत न्हाई.”

ती पाटी खाली यावी, एवढंच मला हवं होतं.

पुढच्या वर्षी त्याच शाळेचं काम आलं. मी नानांना सगळं सांगितलं. म्हटलं, या फॉर्मवर सहीची जागा मोठी करते.

नानांनी प्रूफवरच्या सहीच्या रेघेवर आपली करंगळी ठेवून बघितली.

“आय काय एकाच शाळंत येती व्हय? मास्टर पेजवर टाक.”

टाकली. तेव्हापासून आमच्या प्रत्येक फॉर्मच्या तळाशी सहीसाठी मोठा चौकोन.

गिऱ्हाईकं कुरकुरायची. “नाना, एवढा चौकोन? म्हैस बांधायची का काय हितं?”

“मी काय करू साहेब, मास्टर पेजवर हाय. कॉम्प्युटर काढू देत न्हाई. इचारा हिला, ग्रॅज्युएट हाय.”

चौकोन काढणं दोन मिनिटांचं काम होतं. मी मान खाली घालून कीबोर्ड पुसायचे.

जूनमध्ये आईला हट्टानं शाळेत नेलं. ती फॉर्मकडं बघत राहिली.

“येवढी जागा कशाला सोडली गं?”

“सहीला.”

तिनं पदरानं बोटं पुसली आणि सावकाश सही केली. शेवटचं अक्षर कडेला टेकलं, बाहेर गेलं नाही. पॅडचं झाकण बंदच राहिलं.

पाटी त्याच संध्याकाळी खाली आली.

आज आईला घेऊन प्रेसवर गेले होते. नानांच्या फोटोपुढं त्यांच्या मुलानं कोरे कागद ठेवलेत. येईल तो दोन ओळी लिहून जातो.

आईला सहीपुढं फारसं लिहिता येत नाही.

तिनं कागद आडवा केला. आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत सही केली.

नाना, तुमच्या ग्रॅज्युएटचा आणि तिच्या आईचा नमस्कार.