ज्या गावात मुलं मरत नव्हती

लग्नाच्या चौथ्या वर्षी माझ्या यजमानांना एकाच महिन्यात दोन पत्रं आली. ते काशीतल्या एका शाळेत गणित शिकवत. दोन्ही पत्रं लहान कसब्यांतल्या शाळांची होती आणि दोन्हींत हेडमास्तरकी देऊ केली होती. एक गाव गंगेच्या काठी, वरच्या अंगाला; दुसरं रेल्वेच्या फाट्यावर, नदीपासून लांब. आम्ही दोन्ही पाहिली नव्हती, आणि उत्तर आठ दिवसांत द्यायचं होतं.

बालाजी घाटाजवळच्या आमच्या बिऱ्हाडात आदल्या वर्षी आमची पहिली मुलगी तीन महिन्यांची होऊन गेली होती. आता मला पुन्हा दिवस गेले होते. त्यामुळे गाव कसं आहे, या प्रश्नाचा आमच्या घरात एकच अर्थ होता: तिथे मूल जगेल का.

"हे काही लोकांना विचारून कळायचं नाही," यजमान म्हणाले. "जो तो आपल्याच गावाची हवा चांगली म्हणतो. सरकार दरसाल छापतं, ते बघू."

वाचनालयातल्या कारकुनाच्या ओळखीनं त्यांनी एक जाडजूड अहवाल चार दिवसांसाठी घरी आणला. प्रांतातल्या एकेका गावात वर्षभरात किती जन्मले, किती मेले, कशानं मेले, हे सगळं त्यात रकान्या-रकान्यांनी होतं. माझ्या वडिलांनी मला इंग्रजी वाचायला शिकवलं होतं. लग्न झाल्यापासून ते नुसतं पडून होतं. आता सकाळी स्वयंपाक आवरला की मी गच्चीवर जाई, आकडे मोठ्यानं वाचून दाखवी, आणि यजमान पाटीवर दर हजारी हिशेब काढत.

त्या चार दिवसांत मला त्या आकड्यांचं खरोखर वेड चढलं होतं. ज्या गावाचं नावसुद्धा आठवड्यापूर्वी ऐकलं नव्हतं, तिथे आषाढात किती जण तापानं गेले, हे मी काशीत बसून सांगू शकत होते. भाजी चिरताना माझ्या डोळ्यांपुढे रकाने येत. सासूबाई म्हणाल्या, "मुलीला पोथीचा नाद लागावा तसं हे लागलंय."

तिसऱ्या दिवशी आम्ही वर्षाच्या आतल्या बाळांच्या मृत्यूंचा रकाना काढला. आधी मी फाट्यावरच्या गावाचा आकडा वाचला. तो काशीच्या तोडीस तोड होता. मग गंगेकाठच्या गावाचा वाचला. यजमानांनी तो दोनदा वाचायला लावला. तिथे बाळं जवळजवळ मरतच नव्हती.

पाटी खाली ठेवून ते उठून उभे राहिले. एरवी अबोल माणूस, पण त्या दिवशी गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत बोलत होते. तिथली विहीर, नदीचा वारा, शाळेमागे मोकळी जागा असेल तर आपण फुलझाडं लावू. मीही हसत होते. त्यांनी होकाराचं पत्र लिहायला घेतलं.

सासूबाई वाळवण उलथायला वर आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मरत नाहीत ते कळलं. जन्मतात किती?"

तो रकाना आम्ही पाहिलाच नव्हता. मी पान उलटलं. गाव फाट्यावरच्या गावाहून मोठं, आणि जन्म त्याच्या निम्म्यानेही नाहीत.

"गावातल्या बायका काय व्रतस्थ आहेत?" सासूबाई म्हणाल्या आणि खाली गेल्या.

यजमानांनी लेखणी खाली ठेवली. पत्र अर्धंच राहिलं.

कार्तिक चालू होता. पंचगंगा घाटावर पहाटेपासून गावोगावच्या बायका स्नानाला येत. आमच्या शेजारचे पंडे, म्हणजे तीर्थोपाध्याय, आपल्या बहीत, त्या लांबट वहीत, येणाऱ्या यात्रेकरूंची गावं लिहून ठेवत. गंगेकाठच्या त्या गावचे लोक त्यांच्याकडेच उतरत. मी सासूबाईंना घेऊन घाटावरच्या त्यांच्या छत्रीपाशी गेले. त्यांनी तीन बायकांकडे बोट दाखवलं. त्यांतली वयस्क बाई गावची दाई, म्हणजे सुईण, होती. माझं भाग्य असं, की ज्या बाईला सगळ्यात जास्त माहीत असणार, तीच ओले केस पिळत समोर उभी होती.

मी पायरीवर तिच्याजवळ बसले आणि हिंदीत विचारलं, तुमच्याकडे बाळं कमी दगावतात म्हणे?

तिनं माझ्या पोटाकडे पाहिलं. "किसने कहा?"

सरकारी किताबात लिहिलंय, मी म्हणाले.

ती समजावल्यासारखी बोलली. महिन्यातून एकदा चौकीदार येतो, दारात बसलेल्या पुरुषमंडळींना विचारतो आणि ठाण्यावर जाऊन लिहवतो. बाळंतिणीच्या खोलीत काय झालं ते पुरुषांना कुठे ठाऊक. "बिटिया, जो छठी तक न जिए, उसका क्या लिखवाना? न आया लिखा, न गया लिखा." म्हणजे सहाव्या दिवसाच्या आत गेलेल्या बाळाचा जन्मही वहीत नव्हता आणि मृत्यूही. मग बोटांवर मोजत तिनं सांगितलं, त्या पावसाळ्यात आपल्या हातून कोणकोणत्या घरची बाळं गेली. मी मोजायचं थांबवलं.

मी घाटाच्या पायऱ्या भराभर चढले. सासूबाई मागून "अगं, सावकाश" म्हणत होत्या. मला दुःख झालं होतं, पण त्याहून मोठी धडधड दुसरीच होती. एका गावाचा आकडा खोटा निघाला, तर दुसऱ्याचा मोठा दिसतो तो कदाचित खरा मोजल्यामुळेच असेल. अहवालाच्या शेवटी बारीक टायपात शेरे होते, ते आम्ही कंटाळून सोडले होते. मी ते काढले. गंगेकाठच्या गावापुढे लिहिलं होतं, नोंदी अपुऱ्या वाटतात. फाट्यावरच्या गावापुढे लिहिलं होतं, की देवी टोचणारा माणूस आणि दवाखान्याचा डॉक्टर घरोघर जाऊन चौकीदाराची वही ताडून बघतात, आणि नोंदी भरवशाच्या आहेत.

यजमान शाळेतून आले तेव्हा मी दारातच उभी होते. त्यांनी पायताण काढायच्या आधीच मी दोन्ही शेरे वाचून दाखवले.

"म्हणजे तिथे जास्त मरतात असं नाही," ते सावकाश म्हणाले. "तिथे मेलेलं मूल मोजतात."

"आणि मोजायला जो दारात येतो, तो आजारी मूलही बघतो," मी म्हणाले.

त्यांनी अर्धं पत्र फाडलं आणि जेवायच्या आधी नवं लिहिलं.

माघात आम्ही फाट्यावरच्या गावी गेलो. धूळ फार होती, पाणी मचूळ होतं, आणि गंगा नाही म्हणून सासूबाई पहिले दोन महिने कोणाशी धड बोलल्या नाहीत. चैत्रात मला मुलगी झाली. चौथ्याच दिवशी डॉक्टर स्वतः आले, खोलीच्या उंबऱ्याशी उभे राहून त्यांनी बाळाचा रंग पाहिला आणि नाळेवर लावलेली राख पुसून टाकायला सांगितली. सासूबाई कुरकुरल्या, पण पुसली. मग डॉक्टरांनी वही उघडून नाव विचारलं. बारसं व्हायचं होतं. "नाव नसलं तरी चालतं," ते म्हणाले, आणि तिथेच उंबऱ्याशी बसून माझ्यासमोर 'कन्या' लिहिलं, तारीख घातली, वार घातला.