उदास वाजलेलं दार

अमेरिकेतला एक मोटारींचा कारखाना मी बंद पाडलेला आहे. फार वेळ नाही. पण बंद तो बंद.

माझा नवरा मिलिंद तिथे दारं बसवणाऱ्या लाइनचा नुकताच सुपरवायझर झाला होता. पद मिळालं होतं, माणसं मात्र मिळायची होती. मिलिंद शाळेत होता तेव्हापासून ती मंडळी मोटारींना दारं बसवत आली होती, आणि त्यांच्यात डार्लिनचा शब्द शेवटचा. मिलिंदने काहीही सांगितलं की ती फक्त 'हं' म्हणे. रोज घरी येऊन तो त्या 'हं'चे अर्थ लावत बसे. (साहित्याची विद्यार्थिनी म्हणून मीही लावून पाहिले. एकही त्याच्या बाजूचा निघाला नाही.) डार्लिनने मानलं नाही तर लाइन मानणार नाही, आणि लाइनने मानलं नाही तर हे पद फार काळ टिकणार नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

अशात कारखान्याचा 'फॅमिली डे' आला. चालू लाइन जवळून बघायची, कामगारांना भेटायचं, हॉट डॉग खाऊन परतायचं. प्लेनोतल्या आमच्या घरून निघाल्यापासून मिलिंद एकच गोष्ट सांगत होता: डार्लिनशी गोड बोल. आमची बारा वर्षांची रेवा मागच्या सीटवरून म्हणाली, "अँड आई, प्लीज, डोंट टच एनीथिंग."

आत पाऊल टाकलं आणि मी हरपले. कोऱ्या रबराचा उग्र वास, हवेवर चालणाऱ्या पान्यांचे सुस्कारे, आणि शुभ्र दिव्यांच्या रांगेखालून संथपणे सरकत येणारी एक लालबुंद, अजून कुणाचीही न झालेली मोटार! दोन्ही बाजूंना माणसं आपापल्या जागी. नजर खाली, हात कामात. माझे डोळे भरून आले. (ते सुरक्षेच्या चष्म्याआड भरल्यामुळे पुढचं नीट दिसेना.) आणि नेमकी डोक्यावर, हात उंचावला की सापडेल अशा उंचीवर, एक दोरी लोंबत होती. समोर मांगल्य, वर दोरी! जन्मभराच्या सवयीने माझा उजवा हात आपोआप वर गेला. डोळे मिटून मी दोरी ओढली आणि हात जोडले.

घंटा वाजली नाही. बालवाडीतल्या खेळण्यातून येते तशी एक टुणटुणती धून सुरू झाली, वर पिवळा दिवा फिरू लागला, आणि लाल मोटार जागच्या जागी उभी राहिली. तिच्या मागची थांबली. तिच्याही मागची थांबली. जोडलेले हात मी हळूच खाली घेतले.

कुणीतरी खेकसलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या कारखान्याची रीतच अशी, की कामात खोट दिसली तर कुणीही ती दोरी ओढावी, आणि ओढणाऱ्याचे आधी आभार मानावेत. त्यामुळे डार्लिन स्वतः चालत आली, मला थँक यू म्हणाली, आणि हातमोजे काढत तिने शांतपणे विचारलं, "काय चुकलंय, हनी?"

तिच्या मागे मिलिंद. चेहरा शर्टाहून पांढरा. खरं सांगावं, तर सुपरवायझरच्या बायकोने देवदर्शनासाठी लाइन थांबवली अशी ख्याती होणार! काहीतरी खोट दाखवणं भाग होतं. मोटारीतलं मला कळतं ते एवढंच, की तिला चार चाकं असतात. आणि ती तर जागेवर होती. तेवढ्यात आठवलं, मघाशी कुणीतरी दार लावून पाहिलं होतं.

"दाराचा आवाज," मी म्हणाले, "जरा उदास वाटला."

एखाद्या काव्यवाचनात हे वाक्य सहज खपून गेलं असतं. इथे ती तांत्रिक तक्रार ठरली! उदास म्हणजे रबराकडून की कुलपाकडून, याची गंभीर चौकशी सुरू झाली. चार माणसं चार दारांशी उभी राहिली. उघडायचं, लावायचं, कान द्यायचा. धप्प. पुन्हा धप्प. एका दाढीवाल्या गृहस्थांनी डोळे मिटून ऐकलं आणि मागचं डावं दार किंचित हळवं असल्याचं मान्य केलं. (मी त्यांची ऋणी आहे.) मिलिंद माझ्याकडे न बघता माझ्याकडे बघत होता. रेवा तर दुसऱ्याच एका कुटुंबात जाऊन उभी राहिली होती.

डार्लिनने मात्र स्वतः बसवलेल्या दारावर तळवा ठेवला. "माझे वडील इथे दारं बसवायचे. मी इथे दारं बसवते," ती म्हणाली. "आमचं दार आजवर कुणाला उदास वाटलेलं नाही."

शेवटच्या शब्दाला तिचा आवाज कापला. मग मी सगळंच सांगून टाकलं. दार उत्तम आहे. मखमलीत गुंडाळल्यासारखं वाजतं. आमच्याकडे देवासमोर जाताना घंटा वाजवतात, आम्ही आलोय हे कळवायला. आणि तुमचं हे काम बघून माझा हात वर गेला.

डार्लिनने आधी माझ्याकडे, मग मोटारीकडे पाहिलं. "आमची लाइन बघून?" तिने विचारलं. मी मान हलवली. तिने हातमोजे पुन्हा चढवले, लाइन सुरू करायची खूण केली, आणि मिलिंदकडे वळून त्याच्याशी पहिल्यांदाच एक पूर्ण वाक्य बोलली.

"घरी ही असताना तू रोज वेळेवर कामावर येतोस कसा, बॉस?"

त्या दिवसापासून अख्खी लाइन मिलिंदचं ऐकते. ही आपल्या नेतृत्वाची किमया आहे, असं तो समजतो. मी त्याचा भ्रम मोडत नाही. त्याला घरी काय सोसावं लागतं हे त्या माणसांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. कामावर तरी त्याला त्रास द्यायला ती धजावत नाहीत.