चपलेखालची कोथिंबीर

इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीच्या आमच्या घरामागे एक वाफा आहे. तिथे मी तीन उन्हाळे कोथिंबीर लावली, अगदी माहेरच्या रीतीने. वर्तमानपत्रावर धणे पसरायचे, जुन्या चपलेने हलके रगडून त्यांच्या दोन-दोन फाकी करायच्या आणि मग पेरायचे. दरवर्षी रोपं वीतभर वाढायची आणि जूनच्या लांबलचक दिवसांत सरळ फुलावर यायची. चटणीपुरतीसुद्धा पानं कधी मिळाली नाहीत.

तिसऱ्या ऑगस्टमध्ये माझं डोकं फिरलं. धणे धरून वाळलेली झाडं उपटून मी तिथेच आपटली आणि चपला घालून त्यांच्यावर थयथयाट केला. नवरा खिडकीतून बघत होता. तो काम करतो त्या हॉस्पिटलमध्ये त्याच्या शांतपणाचं फार कौतुक असतं, मला मात्र त्याचा संताप येतो.

"झालं समाधान?" तो म्हणाला. "तिथे पेव्हिंग करून टाकू. दोन खुर्च्या मस्त बसतील."

मी रागाच्या भरात हो म्हणून बसले. पुढे वाफ्याकडे फिरकलेसुद्धा नाही.

जानेवारीतल्या एका सोमवारी फरशीवाला येणार होता. शनिवारी सकाळी मला फार वाईट वाटायला लागलं. या देशात माझी म्हणावी अशी तेवढीच माती होती. निदान खुरपं तरी काढून आणावं म्हणून ड्रेसिंग गाऊनवरच बाहेर गेले. सगळं गवत फ्रॉस्टने पांढरं झालं होतं. वाफ्यात जमिनीला चिकटून काहीतरी हिरवं दिसलं. तण समजून ओढलं आणि बोटांना वास आला.

कोथिंबीर! वाफाभर कोथिंबीर! मी तुडवलेले धणे उगवून, थंडी अंगावर घेऊन आरामात बसले होते. मला हसू आवरेना. एकटीच गोल गोल फिरले, पाय गारठले तरी आत जाववेना.

मग पोहे केले आणि वर मूठभर हिरवागार ढीग घातला.

"दुकानं उघडली इतक्यात?" नवऱ्याने विचारलं.

"बागेतली आहे."

तो घास तोंडात तसाच ठेवून बाहेर गेला. बराच वेळ वाफ्यापाशी वाकून उभा राहिला. परत येऊन त्याने फरशीवाल्याला फोन लावला आणि अत्यंत गंभीरपणे सांगितलं, "सॉरी, वी कान्ट. वी हॅव अ क्रॉप."

मी ओट्याला धरून हसत होते.

"पुढच्या वर्षी कधी पेरायची?" त्याने विचारलं.

"पेरायची नाही," मी म्हटलं. "ऑगस्टमध्ये तू फक्त मला चिडव. बाकीचं मी बघते."