पायांची दिशा

"पोरगी भिंतीला पाय लावून निजलीय, आनि पल्याड आमचे देव हायत. सांगायचं तरी कसं?"

आत्या स्वयंपाकघरात शेजारच्या काकूंशी बोलत होती, आणि मधली भिंत इतकी पातळ होती की तिच्या बांगड्यांची हालचालसुद्धा मला ऐकू येत होती. मी पाय चटकन खाली घेतले, सलवार घोट्यापर्यंत ओढली आणि बराच वेळ तशीच कुशीवर पडून राहिले. खिडकीतून कापलेल्या भाताचा गोडसर, किंचित कुबट वास येत होता. आश्विनातल्या दुपारी पोलादपूरच्या हवेला घाटाचा गारवा नसतो आणि खाडीचा ओलावाही नसतो. ऊन नुसतं अंगणात बसून राहतं. त्या उन्हाचा एक चौकोन भिंतीवर पडला होता, आणि क्षणापूर्वीपर्यंत माझ्या टाचा त्या चौकोनात टेकलेल्या होत्या.

मी मूळची महाडची. पोलादपूरला इंग्रजी माध्यमाच्या एका छोट्या शाळेत लहान मुलांना शिकवते, म्हणून वडिलांच्या या थोरल्या बहिणीकडे राहते. आमच्या शाळेत वर्गात शिक्षिकेला खुर्ची नसते. बसलेल्या बाईंची मुलं आळशी होतात असं मुख्याध्यापिकांचं मत आहे. पहिल्याच वर्षी माझ्या डाव्या पायावर एक शीर उमटली. गुडघ्यामागून निघून पोटरीवर दोन-तीन वळणं घेत घोट्याकडे उतरणारी, निळसर, बोटाला लागेल इतकी वर आलेली. आंबेनळी घाटाचा रस्ता वरून दिसावा तशी. महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं की शिरांमधल्या झडपा सैल झाल्या की रक्त वर चढायचं सोडून खालीच साचतं. तेव्हा मोजा घालायचा, चालत राहायचं, आणि जमेल तेव्हा आडवं होऊन पाय छातीपेक्षा उंच ठेवायचे. तेवढं ऐकून मी निर्धास्त झाले होते. आईने मात्र दवाखान्याच्या पायरीवरच माझा हात धरून हे कुणाजवळ बोलायचं नाही असं बजावलं. स्थळं येण्याचे दिवस आहेत, माणसं पायाची गोष्ट डोक्यापर्यंत नेतात, असं तिचं म्हणणं होतं. मला बोलायचं नव्हतंच. मी मुळात कमी बोलते, आणि स्वतःच्या शरीराबद्दल तर माझ्याकडे मराठीत शब्दच नव्हते. जे होते ते इंग्रजी, पुस्तकी, दुसऱ्या कुणाच्या तरी पायाबद्दलचे.

पाय वर केले की जे होतं ते मात्र कुठल्याच भाषेशिवाय कळतं. संध्याकाळी बांध फोडल्यावर खाचरातलं पाणी आवाज न करता निघून जावं, तसं दिवसभराचं जडपण पोटऱ्यांमधून सरकत जातं आणि पाय पुन्हा आपले वाटू लागतात. त्या एका सुखासाठी मी शाळेतून येऊन खोलीचं दार लोटून घेत असे. आत्याचं ते बोलणं ऐकल्यापासून कडी लावू लागले.

पण पाय करायचे कुठे? पूर्वेच्या भिंतीपलीकडे देव. दक्षिणेला पाय फक्त प्रेताचे करतात, हे मला लहानपणापासून ठाऊक. पश्चिमेच्या भिंतीवर आत्याच्या सासऱ्यांचा हार घातलेला फोटो. उत्तरेला दार, आणि दारापलीकडे पडवीत आतोबा वर्तमानपत्र घेऊन बसलेले. पायांसाठी त्या खोलीत एकही दिशा शिल्लक नव्हती. शेवटी मी कपाट आणि फोटो यांच्या मधल्या कोपऱ्याकडे पाय करून, उशांचा ढीग रचून, तिरकी झोपू लागले. अशा आडोशाने घेतलेल्या विश्रांतीत विश्रांती कमी आणि कान टवकारणंच जास्त असतं.

त्या दिवसांत मी आत्याकडे चोरून पाहू लागले, कदाचित तिचा राग शोधण्यासाठी. ती एसटी स्टँडजवळच्या एका खानावळीला तांदळाच्या भाकऱ्या करून देते. पूर्वी चुलीपुढे बसून करायची. गॅस आणि ओटा आल्यापासून पहाटेपासून दुपारपर्यंत उभ्याने करते. राग मला सापडला नाही. दिसलं ते वेगळंच. ती कधी पाय पसरून बसत नसे. लुगड्याचा काठ सतत टाचेवर ओढून घेई. ती जवळून गेली की तांदळाच्या पिठाच्या वासामागून हळदीचा आणि कडुलिंबाच्या तेलाचा वास येई.

एकदा शाळा लवकर सुटली. आत्या मागच्या दारी पायरीवर बसून घोट्याची चिंधी सोडत होती. घोट्याभोवतीची कातडी जांभळासारखी काळवंडलेली, आणि त्यात बिब्ब्याएवढी ओली जखम. माझी चाहूल लागताच तिने लुगडं खाली सोडलं आणि मी नजर दुसरीकडे वळवली. दोघींनी एकदमच. लपवणाऱ्याचे हात कसे हलतात हे मला नेमकं ठाऊक होतं. आरशात दिसावं तसं ते मला दिसलं, आणि मला तिच्यापेक्षा माझीच जास्त लाज वाटली.

पुढच्या सुट्टीला बाजाराचं निमित्त काढून मी तिला महाडला नेलं. दवाखान्यात लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेताना ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. डॉक्टर नवे होते, मला ओळखत नव्हते. त्यांनी पावलावरची नाडी बोटांनी चाचपून पाहिली, जखम धुतली, पायाला पट्टी आवळून बांधली. नुसत्या मलमाने हे भरायचं नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. उभं राहणं कमी करा, दिवसातून तीन-चारदा पाय छातीच्या वर ठेवून पडून राहा, नाहीतर जखम वाढत जाईल आणि मग चालणंही कठीण होईल. मग सहज विचारलं, घरात आणखी कुणाला असा त्रास?

मी डावा पाय उजव्यामागे घेतला.

"नाय," आत्या म्हणाली. "आमच्यात कुणाला नाय."

ती इतक्या ठामपणे म्हणाली की डॉक्टरांनी मान हलवून पुढचं लिहायला घेतलं. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तर ती पुन्हा कॅलेंडर बघत होती.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. बाहेर सावित्रीचं पाणी उतरून गोटे उघडे पडले होते, त्यांवर बगळे. बराच वेळ गेल्यावर, खिडकीतून नजर न काढता ती हळूच म्हणाली की तो लांब मोजा परसात वाळत घालत जाऊ नकोस, सकाळी तिथून माणसं जातात. मग ती म्हणाली, "काकूनं इचारलं, पोर अशी का निजते गो, पायाला काय झालंय काय. म्हटलं, काय नाय, शहरातली सवय. देव पुढं केले मी."

म्हणजे त्या दुपारी भिंतीपलीकडून आलेलं गाऱ्हाणं म्हणजे माझ्यावर घातलेलं पांघरूण होतं. ज्या वाक्याने मी कडी लावली, ते मला झाकण्यासाठीच बोललं गेलं होतं. तिने देवांना मध्ये घातलं, डॉक्टरांपुढे खोटं सांगितलं, आणि स्वतःची जखम हळदीखाली दडपून पहाटेपासून उभी राहिली. मला मात्र तिला एवढंही सांगता आलं नव्हतं की पाय वर केले की बरं वाटतं.

घरी आल्यावर पट्टी राहिली, बाकी काही झालं नाही. बाईमाणसाने भरल्या घरात पाय वर करून कसं निजायचं, असं म्हणून ती ओट्याशी उभी राही. मी रोज सांगायचं ठरवी आणि रोज कडी लावून कोपऱ्यात तिरकी होई. पट्टीवर पुन्हा पिवळसर डाग उमटला, तेव्हा मात्र मी भाकऱ्यांची पाटी गेल्यावर तिचा पिठाचा हात धरला आणि तिला खोलीत आणलं. पूर्वेच्या भिंतीशी दोन चटया अंथरल्या होत्या. भिंत बघून ती थबकली, आल्या पावली स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, संपलं. पण देव्हाऱ्याचा छोटा पडदा सरकवल्याचा आवाज आला आणि ती परत आली.

आम्ही शेजारी शेजारी आडव्या झालो. तिने पाय वर टेकवले तसं लुगडं गुडघ्याकडे ओघळलं, ती सावरू लागली. तेव्हा मी माझी सलवार वर सरकवली आणि मोजा काढून ठेवला. उन्हाच्या चौकोनात चार पाय होते. तिच्या डाव्या पोटरीवर तीच शीर, तीच वळणं. फक्त तीस वर्षं पुढे गेलेली. आत्या ती बघत राहिली. तिचा श्वास हळूहळू लांब होत गेला.

पडवीत आतोबा खोकले. मग अंगणातून काकूंची हाक आली आणि चपला पायरीशी वाजल्या.

"कडी लाव गो," आत्या कुजबुजली.

माझे हात सलवारीकडे गेले होते. ते मी पोटावर आणून ठेवले.

"राहू दे, आत्या. दार उघडंच राहू दे."