चपला घालून आत या

धारूरला बदली होऊन आले तेव्हा या गावात माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. पहिल्याच आठवड्यात, शाळेच्या रस्त्यावर, समोरून एक गृहस्थ जवळजवळ झोपून येताना दिसले. पाठ मागे टेकलेली, पाय पुढे लांब केलेले, पायडल पार पुढच्या चाकाच्याही पुढे, डोक्यावर पांढरी टोपी, आणि एवढं सगळं असून चेहरा देवळात कीर्तन ऐकायला बसलेल्या माणसासारखा शांत. मी आमच्या शाळेच्या शिपायांना विचारलं, हे कोण? ते म्हणाले, "विश्वंभर सर हायेत. बाज घेऊन शाळंला निघालेत." सरांच्या रेलून चालवायच्या सायकलीला सारं गाव बाजच म्हणत असे.

त्या विश्वंभर सरांना यंदा पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. सरांच्या अध्यापनाबद्दल, वर्कशॉपमध्ये त्यांनी घडवलेल्या विद्यार्थ्यांबद्दल या गौरवग्रंथात अधिकारी मंडळी लिहितीलच. सायकलींचा विषय संपादकांनी माझ्याकडे दिला, कारण सरांच्या सायकलीमुळे जिची नोकरी वाचली अशी बाई मीच. होकार दिला खरा, पण लिहायला बसले तेव्हा मनाला उभारी नव्हती. गेल्या दिवाळीपासून सरांनी स्वतःची सायकल ओसरीच्या भिंतीला लावून ठेवली होती आणि तिच्यावर जुनी चादर टाकली होती. विचारलं की म्हणायचे, "झालं आता. वय झालं." ज्यांनी आम्हा सगळ्यांना पुन्हा सायकलीवर बसवलं त्यांनीच घरी बसून राहावं आणि आपण शाल-श्रीफळ देऊन मोकळं व्हावं, हे मला काही केल्या पटेना. म्हणून हा लेख अर्धाच लिहून मी सरांच्या घरी गेले. तिथे काय झालं ते सांगणारच आहे, पण आधीचं आधी.

सर इथल्या तांत्रिक शाळेत वर्कशॉप शिकवत. तरुणपणी शेडवरचे पत्रे बदलताना ते खाली पडले आणि कंबर कायमची दुखावली. साध्या सायकलीवर बसलं की पाठीतून कळ निघे. कुठल्याशा मासिकात त्यांनी अशा सायकलीचं चित्र पाहिलं होतं, एवढ्या भांडवलावर त्यांनी भंगारातल्या नळ्या जोडून आपली पहिली सायकल केली. ती एकसंध होती. बसायच्या खुर्चीपासून पायडलपर्यंत एकच नळी, सगळं सांधून पक्कं केलेलं, सरांच्या त्या वेळच्या मापाचं. सहकारी शिक्षकांनी थट्टा करायची बाकी ठेवली नाही. कुणी उशी आणून देऊ का विचारी, कुणी मच्छरदाणी. सर कधी चिडले नाहीत. थट्टा करणाऱ्यालाच ते बसून बघायला सांगत, आणि बसून उठलेला माणूस सहसा दुसऱ्यांदा थट्टा करत नसे.

माझं माहेर चकलांब्याचं. मुलगी असून सायकल चालवते म्हणून तिथे माझ्या नावाने बोटं मोडणाऱ्या बायका होत्या, तरी मी चालवलीच. धारूरला आल्यावर मात्र माझ्या मणक्याचं ऑपरेशन झालं. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी स्कूटर बंद केली, बसचे गचकेही नकोत म्हणाले. आमची शाळा गावाबाहेर माळावर, पायी जाणं झेपेना. घरात राजीनाम्याची भाषा सुरू झाली. सगळे माझ्या भल्याचंच बोलत होते, म्हणून तर त्यांच्याशी भांडता येत नव्हतं. मला शाळा सोडायची नव्हती. फळ्यासमोर उभी असते तेव्हाच मी धड माणसासारखी वागते, असं माझ्या घरच्यांचंही मत आहे. एका संध्याकाळी मी सरळ विश्वंभर सरांचं घर गाठलं.

माप घेण्याची सरांची रीत त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिली. उंची ते कधीच विचारत नाहीत. त्यांच्या मते उंची मोजावी ती फक्त पोलीस भरतीत. दोन माणसं सारख्या उंचीची असली तरी एकाचं धड लांब असतं, एकाचे पाय. सरांनी ओसरीवर ज्वारीचं भरलेलं पोतं भिंतीशी तिरकं लावलं आणि मला त्याला पाठ टेकून बसायला सांगितलं. पोतं अंगाप्रमाणे बसतं, म्हणून पोतं. तळपायाशी त्यांनी वीट उभी केली आणि ती थोडी पुढे, थोडी मागे सरकवत राहिले. पाय लांब केल्यावर गुडघा जरासा वाकलेला राहिला की वीट थांबली. मग पाठीपासून टाचेपर्यंत सुतळी धरून तिला गाठ मारली. हँडल किती जवळ हवं हे ठरवायला त्यांच्या सौभाग्यवती कौसल्यावहिनींनी माझ्या हातात लाटणं दिलं. मी ते हवेत धरून बसले आणि सर एका डोळ्याने माझ्या कोपराकडे बघत राहिले. त्या अवतारात मला कुणी विद्यार्थ्याने पाहिलं असतं तर वर्गात माझा धाक उरला नसता.

सायकल झाली. पाठीला सुख लागलं, अगदी पहिल्या दिवसापासून. पण आठवडा होतो न होतो तोच गुडघे दुखायला लागले. घरच्यांना आयतंच कोलीत मिळालं. मी सरांकडे जाऊन चांगलीच कुरकुर केली. त्यांनी पुन्हा पोत्याला टेकवून माप घेतलं, सुतळी ताडून पाहिली, गाठीला गाठ जुळली. सायकल बरोबर होती आणि माझे गुडघेही खोटं बोलत नव्हते. सर फार कष्टी झाले. जेवणावरचं लक्ष उडालं त्यांचं, असं वहिनी पुढे सांगत.

मग एके दिवशी ते आमच्या शाळेत आले आणि मला भेटायच्या आधी शिक्षकांच्या खोलीच्या दारातच थांबले. दाराबाहेर आमच्या चपलांची रांग होती. सर वाकून माझ्या चपलांकडे बघत होते. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मला जाड, मऊ तळाच्या चपला घ्यायला लावल्या होत्या. सरांनी त्यातली एक उचलली, अंगठा आणि बोट यांच्यात तिचा तळ धरला आणि मान वर करून म्हणाले, "बाई, मी तुमचं माप अनवानी घेतलं."

आपल्याकडे कुणाच्याही घरात शिरताना पायताण उंबऱ्याबाहेर राहतं. पोतं ओसरीवर, ओसरी घरात, म्हणजे माप अनवाणी पायाचंच निघणार. सायकल मात्र माणूस चपला घालून चालवतो. तेवढ्या तळाने पाय पायडलच्या जवळ येत होता आणि गुडघा हवा त्याहून जास्त दुमडत होता. अशी चूक आपल्या संस्कारी गावांतच होऊ शकते. सरांनी त्याच संध्याकाळी माझ्या सायकलची पुढची नळी कापली. जादा तुकडा जोडून त्यांना भागवता आलं असतं, पण त्यांनी एका नळीत दुसरी नळी बसवली, आत-बाहेर सरकणारी, वर आवळायला बोल्ट. मला म्हणाले, "उद्या तुमी चप्पल बदलली तर मी काय दर बारीला आरी लावू? सायकलीनं मानसाच्या मापाला यायचं. मानसानं का म्हून तिच्या मापात बसायचं?" गुडघे दुखायचे थांबले आणि मी निवृत्तीपर्यंत त्या सायकलवर शाळेत गेले. राजीनाम्याचं नाव घरात पुन्हा निघालं नाही.

त्या दिवसापासून सरांचं घर हे धारूरमधलं एकमेव घर झालं, जिथे दारात उभ्या पाहुण्याला यजमान सांगत, चपला घालून आत या. कौसल्यावहिनींचा याला कडवा विरोध होता. घरात देव आहेत, सणवार आहेत, ओसरी रोज मी पुसते, त्या म्हणत. सरांनी एक ताडपत्री आणून अंथरली, तरी वहिनींचं समाधान झालं नाही. माप देऊन माणूस पायरी उतरला की त्या बादली आणि फडकं घेऊन येत आणि सरांना ऐकू जाईल अशा बेताने फरशीशी बोलत. गेल्या दिवाळीपर्यंत या गोष्टीवर त्या दोघांचा समेट झालेला मी पाहिला नाही.

सरांचं मोठेपण मला दिसलं ते एका मेंढपाळ मामांच्या वेळी. बालाघाटाच्या कडेला त्यांचा शेळ्यामेंढ्या कोंडायचा वाडगा होता. एक पाय जन्माचा आखूड, त्यात म्हातारपण, आणि शेळ्यांचं दूध बाजारात न्यायचं असे. मी त्या दिवशी चेन ढिली झाली म्हणून गेले होते. मामांनी जाडजूड वहाणा दारात काढल्या आणि सरांनी सांगूनही त्या पुन्हा पायात घालायला तयार होईनात. म्हणाले, "गुर्जी, तुमच्या म्होरं पायात वहाना घालून टेकून बसू? न्हाई जमायचं. पाप लागंल." सरांनी वाद घातला नाही. ते उठले, बाहेर गेले, स्वतःच्या चपला पायात घालून आले आणि ताडपत्रीवर मामांच्या शेजारी पाय पसरून बसले. मग मामा लाजत लाजत वहाणा घालून पोत्याला टेकले. दोघं तसे बराच वेळ पावसापाण्याचं बोलत बसले होते, माप नंतर घेतलं. आखूड पायाच्या बाजूला सरांनी पायडलवर बाभळीचा ठोकळा बसवला आणि सुतळीला दोन पायांच्या दोन गाठी मारल्या.

सायकल देऊन सरांचं काम संपत नसे. दर दिवाळीला ते निरोप धाडत, माप देऊन जा. शरीर काय कायम एका मापाचं राहतं का, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कडा गावच्या साखर कारखान्यात कामाला असलेले एक गृहस्थ दरसाल पोट वाढवून येत. सर दरसाल त्यांची बैठक जरा मागे कलती करत, हँडल उचलत आणि पुढच्या वर्षी हँडलला जागा उरणार नाही असं गंभीरपणे बजावत. कुणाचं वजन उतरलेलं दिसलं तर नळी सरकवता सरकवता घरी सगळं ठीक आहे ना, हे विचारत. माझे यजमान गेले त्या वर्षी मी दिवाळीला गेले नाही. सर वहिनींना घेऊन माझ्या घरी आले, फराळाचा डबा ठेवला आणि नजरेनेच माप घेऊन अंगणात बसून माझी सायकल मापाला लावून गेले. त्या वर्षी मी किती वाळले होते हे मला त्या सरकलेल्या नळीवरून कळलं. आजही ते आठवलं की डोळे भरून येतात.

आता अर्धवट लेख घेऊन सरांच्या घरी गेले त्या दुपारची गोष्ट. मी चादर बाजूला केली आणि सरांना एकदा बसून दाखवायची गळ घातली. नको नको म्हणत ते बसले. पाय पायडलला पोचावेत म्हणून ते बैठकीत पुढे घसरले आणि पाठ खुर्चीपासून पार सुटली. वयाने सर आक्रसले होते आणि गुडघाही आता पूर्वीसारखा लांब होत नव्हता. सायकल तेवढी होती तिथेच राहिली होती, त्यांच्या तरुणपणच्या मापाची. कंबर दुखते ते वयाने, असं ते वर्षभर समजत होते. सगळ्या गावाला दर दिवाळीला माप द्यायला बोलावणाऱ्या सरांनी स्वतःचं माप पहिल्या दिवसानंतर कधी घेतलंच नव्हतं. मी म्हटलं, सर, नळी कापावी लागेल. ते सायकलवरून उतरले आणि त्यांनी चादर पुन्हा नीट पसरली.

"पैली सायकल हाय माझी, बाई," ते म्हणाले. "हिला आरी लावायची न्हाई. मीच बसतो की गप."

मी त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं, सायकलीनं माणसाच्या मापाला यायचं ते. सर चादरीची टोकं ओढत राहिले. कौसल्यावहिनी आतून आमचं ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या, आम्ही दोघींनी मिळून ज्वारीचं पोतं ओढत आणलं आणि भिंतीशी लावलं. सर अनवाणीच त्याला टेकायला निघाले. तेवढ्यात वहिनी पायरी उतरून गेल्या, दाराबाहेरच्या सरांच्या चपला हातात घेऊन आल्या आणि त्या पुसलेल्या ओसरीवर, त्यांच्या पायापाशी ठेवल्या.

"घाला," त्या म्हणाल्या. "न्हाईतर माप चुकंल मंग."

सरांनी वहिनींकडे पाहिलं. मग चपला घातल्या आणि पोत्याला टेकून बसले. वीट मी सरकवली, सुतळी वहिनींनी धरली. गाठ मारताना त्या म्हणाल्या, "नळी ह्या मापापुरतीच कापू नका. आत सरकायला चार बोटं जागा ठिवा. अजून लई वर्सं बारीक व्हायचं हाय तुमाला."

दुसऱ्या दिवशी सरांनी स्वतः आरी धरली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. सत्कार सोहळ्याला त्यांच्यासाठी गाडी पाठवण्याचं समितीने ठरवलं आहे. ती पाठवू नये, अशी माझी विनंती आहे. सर त्यांच्या बाजेवरून येतील. त्यांना दारात थांबवून चपला काढायला मात्र कुणी सांगू नका. सर, तुम्हाला भरपूर आयुष्य आणि निरोगी कंबर लाभो. दर दिवाळीला माप द्यायला आम्ही येऊ, तेव्हा तुमचंही घेऊ. नळी मी डोळ्यांनी पाहिली आहे, वहिनींनी सांगितली त्याहून दुप्पट जागा तुम्ही आत ठेवली आहे.