तांब्याच्या पत्र्यातली बाई

आमच्या घरी पिण्याच्या पाण्याच्या हंड्यावर झाकण म्हणून तांब्याचा एक चौकोनी पत्रा असायचा. वहीची दोन पानं उघडून ठेवावीत एवढा. त्यावर तांब्या उपडा घालायचा. पत्रा जाड होता आणि त्याच्या एका अंगाला बारीक बारीक ओरखडे होते. ते अंग नेहमी वर ठेवायचं, हे सासूबाईंनी मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलं. का, ते सांगितलं नाही.

दर सोमवारी चिंच, मीठ आणि चुलीतली राख घेऊन मी तो घासायची. आधी तो सासूबाई स्वतः घासत. मी आले तेव्हा त्यांची बोटं आखडू लागली होती, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मोठ्या जाऊबाईंकडे गेलं नाही, याचं त्यांना थोडं लागलं होतं. जाऊबाई म्हणायच्या, हिला बोलता येत नाही, पण तांबं हिच्यासारखं कोणी उजळत नाही.

बोलता येत नव्हतं असं नाही. मी नायगावच्या बाजूची, खाडीकडची. आमच्याकडे पाण्याला पानी म्हणतात. इथे बागायती वाडीवाल्यांच्या घरात आल्यावर पहिल्या आठवड्यातच मी तसं काही बोलले आणि ओटीवरचे सगळे हसले. वाईट मनाने कोणी हसलं नाही. पण मी तेव्हापासून बोलणं कमी केलं. काम करताना बोलावं लागत नाही, म्हणून मला काम आवडायचं. घर चांगलं होतं, माणसं चांगली होती, मला काही कमी नव्हतं.

पत्र्याची गोष्ट सासूबाईंनी मला दुसऱ्या वर्षी सांगितली. आम्ही दोघी विड्याची पानं लावत बसलो होतो. त्या लहान असताना मुंबईचा एक माणूस जवळच्या किल्ल्याची चित्रं काढायला आला होता. त्याला ताप भरला आणि तो त्यांच्या वडिलांच्या वाडीत महिनाभर पडून राहिला. सासूबाईंच्या आईने त्याला पेज करून घातली. बरा झाल्यावर तो फणसाखाली बसून काळं फासलेल्या पत्र्यावर सुईने कोरत असे. वाडी, विहीर, रहाट, आणि विहिरीवर उभी असलेली आई. मग तो निघून गेला. पुढच्या वर्षी आई बाळंतपणात गेली. त्यानंतर कोणाबरोबर तरी हा पत्रा आला. वडिलांनी तो हातात घेऊन पोरीला सांगितलं, यात तुझी आई आहे.

"तेव्हा मी सहा वर्षांची," सासूबाई म्हणाल्या. "आईचा हात आठवतो मला, वेणी घालतानाचा. तोंड आठवत नाही."

त्या काळी आमच्या लोकांत फोटो कोण काढत होतं. पत्र्यात मात्र आई होती. दिसायची नाही, नुसत्या रेघा दिसायच्या, उन्हात धरलं की डोळे दिपायचे. सासूबाईंना वाटायचं, पत्रा जितका लखलखीत होईल तितकी आई उघडी होईल. म्हणून लग्नात त्या तो माहेरून घेऊन आल्या आणि देवाची भांडी घासावीत तशा निगुतीने घासत राहिल्या. ते ऐकल्यावर मीही आणखी जोर लावून घासू लागले. मधोमध जास्त, कारण आई मधोमध उभी होती.

माझ्या लग्नाला चार वर्षं झाली तेव्हा आमच्या वाडीतल्या मागच्या खोलीत एक मास्तर भाड्याने राहायला आले. मुंबईला शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, एकटेच. सामान थोडं होतं, पण एक लोखंडी यंत्र होतं, दोन आडव्या रुळांचं, मोठ्या चाकाचं. ते उतरवायला चार गडी लागले. जाऊबाईंनी त्यांना विचारलं, मास्तर, उसाचा रस कधीपासून विकणार? मास्तर म्हणाले, ऊस तुम्ही लावा, मी आहेच. ते यंत्र चित्रं छापायचं होतं. त्यानंतरही आळीतली पोरं त्याला चरकच म्हणत.

दसऱ्याआधीची गोष्ट. मी सगळं तांबं-पितळ घासून विहिरीच्या कट्ट्यावर वाळत घातलं होतं. मास्तर बादली घेऊन पाण्याला आले आणि पत्र्यापाशी थांबले. त्यांनी तो उचलला, तिरपा केला, पुन्हा तिरपा केला. मग मला विचारलं, "सूनबाई, हा कशाने घासता?"

मला वाटलं कौतुक करतायत. मी खाली बघून चिंचेचा गोळा आणि राखेचं टमरेल दाखवलं.

त्यांनी पत्रा परत कट्ट्यावर ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले की ही छपाईची प्लेट आहे. रेघांत शाई भरायची, वरची पुसून काढायची आणि ओला कागद दाबायचा, म्हणजे चित्र कागदावर येतं. खोल रेघा टिकतात. पातळ रेघा राखेने झिजून जातात. तोंड, हात असलं नाजूक काम पातळ रेघांचंच असतं.

मी विहिरीच्या कठड्याला धरून उभी राहिले.

मास्तरांनी सासूबाईंना एवढंच सांगितलं की यातलं चित्र कागदावर काढता येईल. सासूबाई हातातलं सूप खाली ठेवून उभ्या राहिल्या. "तोंड दिसेल?" त्यांनी विचारलं. मास्तर म्हणाले, बघू या वहिनी. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, हे माझ्या लक्षात आलं.

कागद आणि शाई आणायला मास्तर मुंबईला गेले, त्यात तीन दिवस गेले. सासूबाई त्या तीन दिवसांत खूप बोलल्या. आई रंगाने कशी होती हे आत्या सांगायची, नथ कशी होती, सगळं. मला जेवण जाईना. चार वर्षं दर सोमवारी मी त्यांच्या आईचं तोंड पुसत होते आणि त्या मला शाबासकी देत होत्या. आपणच सांगून टाकावं असं दहादा मनात आलं. तोंड उघडलं नाही. स्वयंपाकघरात कोणी नसलं की मी त्या पत्र्यावरून अंगठा फिरवायची. सगळं गुळगुळीत लागायचं. फक्त एका जागी, डोक्याच्या रेघांच्या जरा खाली, बोटाला किंचित काहीतरी अडायचं. डोळ्यांना तिथे काही दिसत नव्हतं.

मास्तरांनी पत्रा रॉकेलने आणि जुन्या ब्रशने साफ केला. रेघांतून कितीतरी वर्षांची काळी राख निघाली. काम करता करता ते म्हणाले, हा माणूस कोण होता कळत नाही, कोपऱ्यात दोन अक्षरं आहेत तीही पुसट. पण हात चांगला होता. आणि एका गोष्टीचं त्यांना नवल वाटलं होतं. चित्रकार कागदावरचा छाप देतो, प्लेट कधी देत नाही, कारण प्लेट गेली की त्याला पुन्हा चित्र काढता येत नाही. "मी असतो तर छाप दिला असता," ते म्हणाले. "याने प्लेटच देऊन टाकली. बाई गेल्याचं त्याला कळलं असावं." सासूबाईंनी मान हलवली. त्यांना ते आधीच ठाऊक असल्यासारखी.

मग मास्तरांनी पत्रा गरम केला, शाई चोपडली, मलमलीच्या फडक्याने पुसली. यंत्रावर पत्रा, त्यावर ओलसर कागद, त्यावर जाड लोकरी कापड. चाक जाऊबाईंनी फिरवलं. बघू किती रस निघतो, असं त्या म्हणाल्या.

कागद उचलला. आख्खी वाडी आली होती. रहाटाचं एक एक मडकं, केळीची फाटकी पानं, फणसाची सावली. सासूबाईंनी आधी विहीरच पाहिली. म्हणाल्या, विहीर तर उजव्या हाताला होती, ही डाव्या हाताला कशी? मास्तरांनी समजावलं की कागदावर सगळं उलटं उतरतं. "बरं," त्या म्हणाल्या, "विहीर हलली तर हलू दे."

मग त्यांनी आई पाहिली. काष्टा होता, कमरेवरची कळशी होती, अंबाड्यातलं फूल होतं. तोंडाच्या जागी पांढरा कागद होता.

मास्तरांनी सांगितलं, घासून घासून गेलं. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर तोंडाशी धरला.

"हिच्याकडे काय बघतेस," सासूबाई जाऊबाईंना म्हणाल्या. "ही काल आली. चाळीस वर्षं मी घासलंय. माझी आई मीच पुसली." त्यांचा आवाज साधा होता, भाजीत मीठ जास्त पडल्याचं सांगावं तसा. तेच मला सहन झालं नाही.

मास्तर म्हणाले, वहिनी सांगतील तसं तोंड मी बारीक सुईने पुन्हा कोरून देतो. सासूबाई म्हणाल्या, मला काय आठवतं की सांगू. ते पुन्हा शाई लावू लागले, निदान वाडीचा आणखी एक छाप काढून द्यावा म्हणून. त्यांनी फडकं घेतलं आणि मधोमध जोरात पुसायला सुरुवात केली. मी तिथे उभीच होते.

"तिथं एवढं पुसू नका," मी म्हणाले. "तिथं कोनतरी हाय अजून. अंगठ्याला लागतं."

परक्या पुरुषाशी मी तोवर एवढं बोलले नव्हते. कोणी हसलं नाही. मास्तरांनी फडकं बाजूला ठेवलं आणि कुठे ते विचारलं. मी शाईतच अंगठा टेकवून जागा दाखवली. त्यांनी स्वतःचं बोट फिरवलं, डोळे मिटून. मग त्या जागेवर फडकं लावलंच नाही. तळहाताच्या कडेने नुसती शाई उचलत राहिले, थोडी ठेवत, थोडी काढत. यात बराच वेळ गेला. चाक या वेळी जाऊबाईंनी अगदी हळू फिरवलं.

दुसऱ्या कागदावर तोंडाच्या जागी करडी सावली आली होती, संध्याकाळी दाराशी उभ्या असलेल्या माणसाचं तोंड दिसतं तशी. त्या सावलीत एक भुवई होती, नथीचा गोल होता आणि हनुवटीची रेघ होती. डोळे नव्हते म्हटलं तरी चालेल. पण ती कोणाकडे तरी बघत होती आणि हसू दाबत होती, एवढं नक्की कळत होतं.

सासूबाईंनी कागद हातात घेतला नाही, शाई ओली होती. मास्तरांनी तो पाटावर ठेवला आणि त्या वाकून बघत बसल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी मला हाक मारली.

"किती लहान आहे गं," त्या म्हणाल्या. "मी आपली म्हातारी बाई शोधत होते. ही तर पोर आहे. तुझ्याहूनही लहान."

मी बघितलं. खरंच होतं. वीस-बावीसची असेल.

त्या दिवशी मास्तरांना आमच्याकडेच जेवायला थांबवलं. सासूबाईंनी स्वतः वाढलं आणि आखडलेल्या बोटांनी त्यांच्या पानात दोनदा तूप सोडलं. मास्तर म्हणाले, शाई वाळायला दोन दिवस लागतील, तोवर कागदाला हात लावू नका. सासूबाईंनी तो पाट माजघरात आपल्या अंथरुणाशेजारी ठेवून घेतला. दोन्ही दुपारी त्या तिथे बसून होत्या. माश्या बसू नयेत म्हणून ताडाच्या पंख्याने वारा घालत होत्या, मूल निजलंय आणि उठू नये असा, हळूहळू.